निवृत्त पोलिसांचा मेळावा: कोण आले यापेक्षा कोण आले नाही ते पाहा

प्रश्न असा आहे: «सहायक फौजदार म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. काही जणांनी मिळून जिल्ह्यात सेवानिवृत्त पोलीस अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मंडळ काढले. पहिल्या मेळाव्याला हॉल भरला, दुसऱ्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. सत्कार, भाषणे आणि जेवण यापलीकडे काय करावे? नोकरीत असलेल्या मित्रांना सभासद करून घेता येईल का?»

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चुकलात तर नोकरीतल्या माणसाच्या पोटावर येते. त्यांना सभासद करू नका. पोलीस दलांच्या अधिकारांवर निर्बंध घालणारा 1966 चा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या कलम 3 प्रमाणे पोलिसाला स्पष्ट मंजुरीशिवाय कामगार संघटनेचे किंवा राजकीय संघटनेचे सभासद होता येत नाही. बाकीच्या संस्थांचे म्हणाल, तर संस्था एकतर दलाचा भाग म्हणून मान्यता मिळालेली हवी, नाहीतर निव्वळ सामाजिक, करमणुकीची किंवा धार्मिक स्वरूपाची हवी. मोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि खात्याची चौकशी वेगळी. तुमचे मंडळ आज सामाजिकच आहे, हे मान्य. पण उद्या कोणी उत्साहाच्या भरात त्याच व्यासपीठावर आठ तासांच्या ड्युटीचा ठराव मांडला, टाळ्या पडल्या आणि फोटो फिरला, की फोटोतल्या नोकरीवाल्या अंमलदाराला दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभे राहावे लागेल. त्याला तिळगुळाला बोलवा, पिकनिकला न्या, क्रिकेटच्या सामन्यात घ्या. सभासद नोंदवहीत त्याचे नाव नको आणि ठरावाखाली सही तर मुळीच नको.

आपण निवृत्त झालो म्हणजे सगळेच मोकळे झाले, असेही समजू नका. पोलीस दलात असंतोष फैलावण्याविरुद्ध 1922 चा कायदा अजून जिवंत आहे आणि तो कोणालाही लागू होतो, आपल्यालाही. पेन्शनबद्दल, औषधोपचाराबद्दल निवेदन देणे हा आपला हक्क आहे. सेवेतल्या पोरांना «काम बंद करा» म्हणून चिथावणे हा गुन्हा आहे. 18 ऑगस्ट 1982 ला मुंबईत पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली, पुढाऱ्यांना अटक झाली, शिपाई रस्त्यावर आले, लष्कर बोलवावे लागले आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या घरांचे पुढे काय झाले हे आपल्या आधीच्या पिढीने पोलीस लाईनीत, म्हणजे पोलिसांच्या क्वार्टर्समध्ये, राहून पाहिले. केरळमध्ये पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत आणि त्या आपल्या मागण्या मांडतात. आपल्याकडे तो रस्ता तेव्हाच बंद झाला.

जगात पोलिसांच्या बंधुभावी संघटना दोन तऱ्हेच्या दिसतात. एक तऱ्हा अमेरिकेतल्या फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस या संघटनेची. 1915 मध्ये पिट्सबर्गच्या दोन गस्तीच्या शिपायांनी ती सुरू केली, पहिल्या बैठकीला 23 जण होते. बंधुभाव, सहली, शहीदांच्या घरच्यांना मदत हे सगळे तिथे आहेच, पण आज तिच्या कितीतरी शाखा पगार आणि सेवाशर्तींवर सरकारशी वाटाघाटी करतात. दुसरी तऱ्हा इंटरनॅशनल पोलीस असोसिएशनची. आर्थर ट्रूप नावाच्या इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या सार्जंटने 1 जानेवारी 1950 ला ती काढली. सेवेतले आणि निवृत्त, शिपाई आणि वरिष्ठ, सगळे एका पातळीवर सभासद, आणि काम मैत्रीचे: एकमेकांच्या देशात जाणे, घरी उतरणे, ओळखी वाढवणे. वाटाघाटी नाहीत, राजकारण नाही. आपल्याला घेण्यासारखी आहे ती ही दुसरी तऱ्हा, आणि तिच्यातही सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दर्जा बाजूला ठेवून बसणे.

आता तुमच्या रिकाम्या खुर्च्या. दुसऱ्या वर्षी कोण आले नाही ते जरा तपासा. मी सांगतो, पीआय, डीवायएसपी अशा वरच्या हुद्द्यांवर गेलेले बहुतेक आले असतील. गळाले असतील ते हवालदार, शिपाई आणि सहायक फौजदार, त्यातही खेड्यात राहायला गेलेले. कारण पहिल्या मेळाव्यात त्यांनी काय पाहिले? पुढे सोफे, त्यावर माजी साहेब आणि आजी साहेब. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. एसपी साहेब उशिरा आले म्हणून कार्यक्रम उशिरा सुरू झाला. मग शाल, श्रीफळ, प्रत्येक सत्कारमूर्तीचे दोन शब्द, त्यानंतर जेवणाची रांग. तीस-पस्तीस वर्षे बंदोबस्तात उभा राहून साहेबांची वाट पाहिलेल्या माणसाला पुन्हा तेच करायला एसटीचे भाडे खर्चून यावेसे कशाला वाटेल?

आमच्या मंडळात आम्ही सोफे काढून टाकले. सुरुवातीला कुरकुर झाली. आता बसायची सोय भरतीच्या सालाप्रमाणे असते. हॉलमध्ये गोलाकार खुर्च्या आणि मधल्या टेबलावर सालाची पाटी. 1984 ची भरती इकडे, 1987 ची तिकडे. त्यामुळे शिपाई म्हणून भरती होऊन परीक्षा देत फौजदार, पीआय झालेला माणूस आपल्या जुन्या बॅरकवाल्यांत जाऊन बसतो, आणि थेट फौजदार भरतीवालेही आपापल्या सालात. ओळख करून देताना हुद्दा सांगायचा नाही, नाव आणि बक्कल नंबर, म्हणजे शिपायाच्या बिल्ल्यावरचा नंबर, सांगायचा. बक्कल नंबर कानावर पडला की माणसे कशी उठून बसतात ते एकदा बघाच. दोन टेबले सोडून कोणीतरी ओरडतो, «अरे, तू तर माझ्याबरोबर मुख्यालयाच्या गारदीला होतास!» पुढचा अर्धा तास माइकची गरज लागत नाही.

पाहुणा एकच ठेवा आणि तो बोलावण्यामागे काम असू द्या. आम्ही बहुतेक वेळा कोषागारातला अधिकारी, बँकेच्या पेन्शन शाखेचा माणूस किंवा हाडांचा डॉक्टर बोलावतो. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आले तर आनंदच, पण त्यांना वेळ द्यायची ती जेवणाची, म्हणजे ते सगळ्यांबरोबर पंगतीला बसतात आणि कार्यक्रम कोणासाठी थांबत नाही. राजकीय पाहुणा कोणत्याही पक्षाचा नको. निवडणुकीच्या वर्षात तर फ्लेक्ससुद्धा नको.

हे सगळे केल्यावरही मेळावा म्हणजे वर्षातला एक दिवस. त्याचे खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. मी सचिव झालो तेव्हापासून एक पद्धत लावून घेतली आहे आणि मंडळाचे सगळे बळ मला तिच्यातच दिसते. मेळाव्यात हजेरीपट भरायचा, सह्या घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गैरहजरांची यादी तालुक्याप्रमाणे फोडायची. नोकरीत गैरहजराची स्टेशन डायरीला नोंद व्हायची आणि त्याला नोटीस जायची. इथे गैरहजराकडे दोन माणसे जातात. एक त्याच्या भरतीचा आणि एक त्याच्या तालुक्यातला. महिन्याच्या आत प्रत्येक घरी. फोनवर नाही, घरी. फोनवर सगळेच «मजेत आहे» म्हणतात. घरी गेले की कळते, माणूस अंथरुणाला खिळला आहे, मुलाशी बोलणे बंद आहे, दिवसा दारू सुरू झाली आहे, किंवा माणूस आता नाहीच.

अशाच एका फेरीत आमची दोन माणसे एका हवालदाराच्या गावी गेली. हवालदार जाऊन काही महिने झाले होते आणि मंडळात कोणाला पत्ता नव्हता. त्यांच्या पत्नीने एक प्लास्टिकची पिशवी आणून पुढे ठेवली. तिच्यात रेशन कार्ड, लाइट बिल आणि पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश. पीपीओवर त्यांचे लग्नानंतरचे नाव, आधारवर माहेरचे नाव आणि पासबुकात तिसरेच स्पेलिंग. बँकेने «नाव जुळत नाही» म्हटल्यावर त्या घरी येऊन बसल्या होत्या. त्यांना वाटले, माणूस गेला तशी पेन्शनही गेली. त्याआधी मुलाने वडिलांच्या एटीएम कार्डावर दोन महिन्यांची पेन्शन काढली होती, ती बँकेने वसूल करून घेतली, त्यामुळे घाबरून कोणी पुन्हा बँकेची पायरी चढले नाही. आमच्या माणसांनी मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, विवाहाचा पुरावा, दोघांचा एकत्र फोटो असे सगळे जमवले. पीपीओतली दुरुस्ती बँकेत होत नाही, ती माणूस ज्या कार्यालयातून निवृत्त झाला त्या कार्यालयामार्फत महालेखापालांकडे जावी लागते, हे लोकांना माहीतच नसते. एसपी ऑफिसच्या लेखा शाखेत चार-पाच हेलपाटे झाले. कुटुंबनिवृत्तिवेतन थकबाकीसह सुरू झाले. पुढच्या मेळाव्याला त्या बाई आल्या आणि आपल्या गावातल्या आणखी एका पोलिसाच्या विधवेला बरोबर घेऊन आल्या.

म्हणून मंडळाच्या कामात सगळ्यात आधी हे एक घ्या: प्रत्येक सभासदाचा पीपीओ, आधार आणि पासबुक समोर ठेवून पत्नीचे नाव आणि जन्मतारीख जुळते का ते माणूस हयात असतानाच तपासायचे. पती-पत्नीचे संयुक्त खाते आहे का ते पाहायचे. माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातली पुढची पेन्शन काढायची नाही आणि मृत्यूचा दाखला घेऊन बँकेला आणि कोषागाराला लगेच कळवायचे, हे त्याच्या बायकोला आणि मुलाला, दोघांनाही सांगून ठेवायचे. बोलायला अवघड विषय आहे. पण आपण पंचनामे केलेली माणसे आहोत, आपल्याला बोलता येते.

नोव्हेंबर हा आमचा सर्वांत मोठा महिना. हयात असल्याची सही बँकेतल्या यादीवर त्याच महिन्यात करावी लागते, राहून गेली तर पेन्शन थांबते. 2014 पासून हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाण ही डिजिटल सोयही आहे, पण म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत ही नेहमीची रड. तालुक्याच्या ठिकाणी एक टेबल, एक लॅपटॉप, एक तरुण मुलगा (बहुधा कोणाचा तरी नातू) आणि अंथरुणावरच्या लोकांची यादी, एवढे असले की पुरते. अंशराशीकरण केलेल्या, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतलेल्या लोकांची कापलेली रक्कम 15 वर्षांनी पुन्हा सुरू झाली का, वयाची 80 पूर्ण झालेल्यांना वाढ लागली का, हेही त्याच टेबलावर तपासून होते. हे टेबल सुरू केल्यापासून सभासद वाढवायला वेगळे काही करावे लागले नाही.

महिलांबद्दल दोन शब्द. पोलीस लाईनीत घरोघरच्या बायकांची जी एकी असते ती आपल्या पुरुषांच्या ग्रुपमध्ये कधीच येत नाही. कोणाचा नवरा गणपतीच्या बंदोबस्ताला, कोणाचा नाईटला, पोरे एकमेकींनी सांभाळलेली. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटते, जो तो आपापल्या गावी जातो आणि ती एकी तुटते. त्या जास्त हरवतात, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक मंडळे जानेवारीत हळदीकुंकू ठेवतात. त्यात विधवा भगिनी येत नाहीत, आल्या तर मागे बसतात. पोलिसाच्या मंडळात हे शोभत नाही. आम्ही हळदीकुंकू बंद करून तिळगूळ समारंभ केला, वाण सगळ्यांना सारखे, आणि तो 2 ते 8 जानेवारीच्या पोलीस रेझिंग डे सप्ताहाला जोडून घेतला, म्हणजे मुख्यालयाचे मैदान आणि बँडही कधी कधी मिळतो. 2 जानेवारी 1961 ला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, त्याची आठवण म्हणून हा सप्ताह असतो. शस्त्रांचे प्रदर्शन बघायला शाळेची मुले येतात तेव्हा आपले निवृत्त लोक तिथे उभे राहून माहिती देतात. नोकरीत मुलांशी बोलायला कधी फुरसत मिळाली नाही, ती इथे मिळते. निवृत्त महिला पोलीस मात्र कार्यकारिणीत पाहिजेत, फक्त वाण वाटायला नकोत.

21 ऑक्टोबरला चुकवू नका. 1959 मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान गेले, त्यांच्यासाठी हा स्मृतिदिन. जिल्हा मुख्यालयाच्या स्मारकावर सकाळी परेड होते, वर्षभरात देशात कर्तव्यावर प्राण गेलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात, शस्त्रे उलटी धरून मानवंदना, म्हणजे शोकशस्त्र होते. निवृत्तांनी तिथे आगाऊ कळवून एका रांगेत, पांढऱ्या शर्टात, आपापली पदके लावून उभे राहावे. भाषण नको, मंडळाचा बॅनर नको. परेड संपल्यावर मात्र एक काम करावे: आपल्या जिल्ह्यातले जे पोलीस कर्तव्यावर गेले त्यांच्या घरी त्याच दिवशी जावे. पहिल्या वर्षी सगळे जातात. दहाव्या वर्षी कोणी जात नाही. मंडळाने दहाव्या वर्षी जावे.

आरोग्य शिबिराचे नाव काढले की सगळे बीपी आणि साखर तपासून घेतात आणि चिठ्ठी खिशात ठेवून विसरतात. शिबिर घ्यायचे तर त्या चिठ्ठ्यांची एक प्रत मंडळाकडे राहिली पाहिजे आणि पंधरा दिवसांनी फोन गेला पाहिजे. वर्षानुवर्षे उभे राहून आपल्या लोकांचे गुडघे आणि पायाच्या शिरा गेलेल्या असतात, नाईटमुळे झोप गेलेली असते. झोप येत नाही म्हणणाऱ्याला हसण्यावारी नेऊ नका. मनाच्या डॉक्टरला शिबिरात बसवा, पण बाहेर पाटी «झोप व थकवा तपासणी» अशी लावा, म्हणजे माणसे दारापर्यंत येतील.

एक विषय फक्त आपल्याच लोकांचा आहे: निवृत्तीनंतर येणारे कोर्टाचे समन्स. तपासी अंमलदार म्हणून तपास केलेला गुन्हा पंधरा वर्षांनी कोर्टात सुनावणीला येतो, माणूस दुसऱ्या टोकाला राहायला गेलेला असतो, आणि उलटतपासाच्या धास्तीने त्याची झोप उडते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 336 प्रमाणे, निवृत्त अधिकाऱ्याने तयार केलेले कागद किंवा अहवाल पुराव्यात यायचे असतील तर त्याच्या जागेवर असलेल्या अधिकाऱ्याला साक्षीला बोलावता येते, आणि व्हिडिओद्वारे साक्षीची सोयही आहे. तरी बोलावणे आले तर जायचे. मंडळाने दोन गोष्टी कराव्यात: त्या पोलीस ठाण्याच्या पैरवी अधिकाऱ्याशी (कोर्टाचे काम पाहणाऱ्या पोलिसाशी) गाठ घालून द्यावी, म्हणजे सरकारी वकिलामार्फत जुने कागद आधी नजरेखालून घालता येतील, आणि त्या गावातल्या एखाद्या सभासदाच्या घरी मुक्कामाची सोय करावी. साक्षीतल्या मजकुरावर मात्र मंडळात चकार शब्द नको.

पैशाबद्दल कठोर राहा. सात माणसे मिळून 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवा, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, वर्षाचे ऑडिट वेळेवर करा. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहून गेल्यामुळे पुढे कितीतरी मंडळांची खाती गोठतात आणि दोन गटांत भांडणे लागतात. वर्गणी कमी ठेवा, पण प्रत्येकाची घ्या. मेळाव्याचे जेवण कोणा बारमालकाकडून, वाळूवाल्याकडून किंवा क्लबवाल्याकडून घेऊ नका. नोकरीत असताना ज्याच्यावर केस करायला आपण गेलो असतो, त्याच्या पैशाची पंगत निवृत्तीनंतरही नको. आम्ही एका वर्षी झुणका-भाकरी आणि ठेच्यावर मेळावा केला. लोक अजून त्या जेवणाचे नाव काढतात.

आणि ओळखपत्रे छापण्याची घाई करू नका. अशा मंडळांत पहिला ठराव बहुतेक वेळा ओळखपत्राचाच असतो, आणि पहिली बदनामीही त्यातूनच होते. कार्डावर राजमुद्रा नको, 2005 च्या कायद्याने तिच्या गैरवापराला बंदी आहे. पोलिसांच्या कार्डासारखा रंग आणि मांडणी नको, गाडीवर «पोलीस» असा स्टिकर नको. टोलनाक्यावर कार्ड दाखवणारा एक सभासद निघाला की सगळे मंडळ वर्तमानपत्रात येते. «सेवानिवृत्त» हा शब्द नावाइतक्याच मोठ्या अक्षरात असू द्या. मागच्या बाजूला रक्तगट, घरच्यांचा नंबर आणि तालुका प्रतिनिधीचा नंबर छापा. आमच्याकडे रस्त्यात चक्कर येऊन पडलेल्या एका सभासदाला त्या मागच्या बाजूमुळेच वेळेत दवाखान्यात पोहोचवता आले.

जुन्या आठवणींचे काम सवडीने करा, पण करा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात मदतीच्या बंदोबस्ताला गेलेले आपले लोक आता वयाने थकत चालले आहेत. पहाटे पोहोचल्यावर काय दिसले, ओळख कशी पटवली, पाणी कुठून आणले, हे त्यांच्या तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे निघतात. बिनतारी संदेशावर रात्रभर बसलेल्या अंमलदाराचे कोणी लिहीत नाही.

तुमच्या पुढच्या मेळाव्याला अजून अवकाश असेल. तोवर थांबू नका. दुसऱ्या मेळाव्याचा हजेरीपट असेल तर काढा. नसेल तर पहिल्या वर्षीच्या वर्गणीच्या पावत्या काढा आणि त्यावरून जे आले नाहीत त्यांची यादी करा. एका माणसाकडे पाचपेक्षा जास्त घरे देऊ नका. जाताना मिठाई नेऊ नका, साखर सगळ्यांना आहे. पीपीओची झेरॉक्स काढायला घरी सांगून ठेवा. पहिल्या फेरीत कोण काय म्हणाले ते एका वहीत लिहा आणि कार्यकारिणीच्या बैठकीत इतर कोणताही विषय घेण्याआधी ती वही वाचा.